पायाखालचं बटण

थोरली त्या दुपारी उंदरांच्या खोलीत गेली ती फक्त एक वायर बदलायला. जेवणाचा डबा टेबलावर तसाच ठेवला होता. आलेच, म्हणाली.

त्या खोलीत दुपारी रात्र असते. उंदीर रात्री जागतात आणि शास्त्रज्ञांना रात्री घरी जायचं असतं. तेव्हा उंदरांची रात्रच उचलून कचेरीच्या वेळेत आणून ठेवली होती. उंदरांचं मत अर्थातच कुणी विचारलं नव्हतं. खिडक्यांना काळे पडदे, कोपऱ्यात एक लाल बल्ब. लाल उजेड उंदरांना जाणवत नाही आणि माणसांचं जेमतेम भागतं. ओल्या भुशाचा उग्र वास, आणि भिंतभर पिंजऱ्यांतून चाललेली खसफस. कुणीतरी कागद चुरगाळतंय आणि थांबतच नाही, अशी.

थोरलीचं काम नाजूक. उंदराच्या डोक्यात केसासारखी काचेची तार बसवायची. ती मेंदूच्या पार तळाशी, खसखशीच्या दाण्याएवढ्या पेशींच्या पुंजक्यापाशी पोचली पाहिजे. मग टेबलाखालचं बटण पायाने दाबलं की ‘टक्’ होई, तारेतून निळा उजेड आत जाई, आणि निवांत बसलेला उंदीर समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडे. समोर दुसरा उंदीर असो की फुगवून गाठ मारलेला रबरी हातमोजा, त्याला फरक पडत नसे. पाय उचलला की राग खलास. चावता चावता मध्येच थांबून उंदीर पुढच्या पंजांनी तोंड पुसत बसे. जणू आत्ताच जेवून उठलाय.

“आमच्या साहेबांना बसव की एक,” थोरलीचा नवरा म्हणाला होता. “नाही, नको. त्यांचं बटण दाबलेलंच आहे.”

या विनोदावर घरात हसली ती धाकटी. खळखळून. थोरलीने तो विनोद आधी ऐकला होता.

धाकटीला या प्रयोगशाळेत चिकटवलं थोरलीनेच. पोरगी हुशार आहे, सर, एक संधी द्या. सरांनी दिली. पहिल्याच दिवशी धाकटीने पिंजऱ्यात डोकावून विचारलं, “ताई, हा राग बाहेरून आलाय हे त्याला कळत असेल का गं?”

“उंदराला काय कळायचंय!”

“तेच ना. त्याला वाटत असेल, राग आपलाच आहे. कारणंसुद्धा सुचत असतील बिचाऱ्याला.”

सर असे खूश झाले की पुढे आठवडाभर आल्यागेल्याला तेच वाक्य ऐकवत राहिले. इतकी वर्षं थोरलीने एक तार वाकडी जाऊ दिली नव्हती. तिचं एकही वाक्य सरांना पाठ नव्हतं. घरीही तेच. धाकटी राहायला आली आणि नवऱ्याला एकाएकी चहा करता येऊ लागला. “भावोजी, साखर बेताची हं!” आणि भावोजी साखर बेताची घालत. थोरली बारा वर्षं त्याच्या आवडीचा गोडमिट्ट चहा करून पीत होती.

आणि आदल्या दिवशी सरांनी सहज सांगून टाकलं: सोमवारपासून या खोलीची किल्ली धाकटीकडे. “तुम्हालाही जरा विश्रांती, बाई.”

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी सरांना ठाऊक नव्हती. प्रयोगासाठी हातमोजा कोरा घ्यायचा, असा नियम. थोरली गेले काही दिवस धाकटीने वापरून टाकलेले मोजे कचऱ्यातून काढत होती. धाकटीच्या हाताला लिंबाच्या क्रीमचा वास असे. मोज्यात तो राहायचाच. थोरली मोजा फुगवी, गाठ मारी, सगळ्यांत दांडग्या उंदराच्या पिंजऱ्यात टांगी (त्याला सगळे पैलवान म्हणत) आणि बटणावर पाय ठेवी. पैलवान मोज्याच्या चिंध्या करी. थोरलीला त्या दिवशी झोप छान लागे. बस, एवढंच. यात कुणाचं काय वाईट झालं?

तर ती पैलवानाच्या पिंजऱ्यापाशी वाकली. त्याच्या डोक्यातल्या तारेला जोडलेली वायर सोडवली, झाकण परत लावलं, वायरचं दुसरं टोक निळ्या दिव्यातून उपटलं. मेलेली वायर हातात लोंबत होती.

भिंतीवरची खसफस थांबली.

सगळ्या पिंजऱ्यांतली. एकदम.

मग पैलवान उठला. वायर नाही, दिवा नाही, तरी त्याची पाठ कमानीसारखी ताणली आणि त्याने खोलीच्या दाराकडच्या पिंजऱ्याच्या काचेवर स्वतःला आपटलं. पुन्हा. पुन्हा. दार तर बंद होतं.

मग लिंबाचा वास आला. आणि त्याच्यामागून दार उघडलं.

“ताई... आहेस ना आत?”

“हं.”

“अगं, डबा तसाच... भावोजींचा फोन होता. म्हणाले, हिला आधी खायला घाल.” दोन पावलं पुढे. “रागावलीस का माझ्यावर? किल्ली मी मागितली नव्हती गं...”

हे बोलताना तिने अंधारात हात पुढे केला, थोरलीचा हात धरायला. हातात मोजा चढवलेला होता.

टक्.

थोरलीने खाली पाहिलं. तिचे दोन्ही पाय बटणापासून लांब होते. डोळ्यांच्या मागे, पार खोल, काहीतरी निळं उजळलं. आणि किती कारणं सुचली तिला! चहा, साखर, ते वाक्य, किल्ली. सगळी खरी. सगळी स्वतःची.

त्यानंतरचं तिला आठवतं ते असं: ती जमिनीवर बसली आहे, मन अगदी स्वच्छ, आणि दोन्ही हातांनी तोंड पुसते आहे. नाकापासून बाहेर, मग कानांमागे. दातांत रबराचा तुकडा होता. लिंबासारखा लागत होता.

धाकटीच्या अंगठ्याला टाके पडले. सर्वांना तिने सांगितलं, पैलवान चावला. डॉक्टरांनी जखमेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “उंदीर म्हणालात ना?” धाकटी मान खाली घालून हो म्हणाली. थोरलीकडे तिने पाहिलंच नाही. दुसऱ्याच दिवशी सामान घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली. किल्ली थोरलीकडेच राहिली. हवं ते सगळं मिळालं.

पैलवानाच्या पिंजऱ्याचं झाकण तेव्हा बंदच होतं. हे थोरलीने कुणाला सांगितलं नाही.

काल संध्याकाळी नवऱ्याने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. साखर बेताची.

“धाकटीला चार दिवस घरी घेऊन येऊ का?” तो म्हणाला. “पोर एकटी पडली असेल. काय झालंय तुमच्यात, ते तरी सांग.”

“काही नाही.”

“मग आणतो.” त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. चहा करताना त्याने लिंबू चिरलं असावं, किंवा आणखी काही असेल. बोटांना वास होता.

थोरलीने श्वास रोखला. स्वयंपाकघरात साधा पिवळा दिवा होता, खिडकीत अजून ऊन होतं. रस्त्यावरचा आवाज थांबला. शेजारच्यांचाही. सगळ्यांचा. एकदम.

वर कुणी राहत नाही. या इमारतीला वरचा मजलाच नाही. तरी वर कुणीतरी उभं असल्यासारखं लाकूड करकरलं, एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतात तसं. मग जरा थांबून, अगदी सवयीने...

टक्.