क्लचवरचा पाय

अवधपुरीच्या विलास देवघरेला हट्टी म्हणणं म्हणजे मिरचीला तिखट म्हणणं. दोन वर्षांपूर्वी अंगणात जीप उचलताना जॅक सटकला, हीच जीप डाव्या पायावर बसली आणि पाय गुडघ्यापासून गेला. दुसऱ्या कुणी ती भंगारात घातली असती. यानं तिला मोठे टायर चढवले, क्लचचं पेडल कापून टाकलं आणि क्लच दाबायला वायरनं ओढायचं हँडल बसवलं. सगळं स्वतःच्या हातानं.

बायको वसुधा म्हणाली, "कलियासोत नदीपलीकडची टेकडी एकदा एकट्यानं चढवून दाखवा. नाही जमलं तर हे धूड विकायचं."

"मंजूर."

म्हणून जानेवारीतल्या एका धुकट सकाळी मेहुणा मिलिंद साक्षीदार म्हणून शेजारी बसला. विलासचा कापलेला पाय गावाबाहेरच्या काळ्या मातीत पुरून आला होता तो हाच. गाडीत बसणं त्याच्या जिवावर आलं होतं, पण बहिणीपुढं बोलतो कोण!

टेकडी लाल मुरमाची. जीप गुरगुरत अर्ध्यावर आली आणि धुक्यातून एक म्हैस आडवी आली. विलासनं उजव्या पायानं ब्रेक दाबला, हँडल ओढून धरलं. पहिल्या गिअरमध्येच गाडी थांबली.

टक्!

वायर तुटली. हँडल हातात लुळं पडलं.

"संपलं, भाऊजी," मिलिंद पुटपुटला. क्लच सुटला की आचका देऊन इंजिन बंद पडणार, हे ठरलेलं. विलासनं दात आवळून वाट पाहिली. इंजिन चालूच राहिलं.

म्हैस निघून गेली. गाडीत ओल्या मातीचा वास भरला होता...

"भाऊजी... खाली बघा."

पेडल कापलेल्या जागी, पुसलेल्या पत्र्यावर एक अनवाणी ठसा होता. डाव्या पायाचा. काळ्या मातीचा. अंगठा हळूहळू ठसठशीत होत होता, कुणीतरी जोर लावून दाबत असावं तसा.

"उतरा, यार... मरू दे ती गाडी!"

विलासचा हात दाराच्या कडीकडे गेला. पण उतरायचं म्हणजे हरायचं.

"गप बस," तो म्हणाला. मग समोर बघतच हळू आवाजात म्हणाला, "सोड... सावकाश."

जीप अलगद निघाली. पंचवीस वर्षं तो स्वतः क्लच सोडायचा तेव्हा निघायची, अगदी तशीच.

माथ्यावर पोचल्यावर तो "दाब" म्हणाला. गाडी थांबली. इंजिन बंद करून त्यानं घरी फोन लावला.

"चढली."

"एकट्यानं?" वसुधानं विचारलं.

विलासनं खाली पाहिलं. "हो... एकट्यानंच."

मिलिंदचे ओठ पांढरे पडले होते. "भाऊजी, वायर तुटलीये. आता उतरायचं कसं?"

विलासनं किल्लीकडे हात नेला. अजून तो काहीच म्हणाला नव्हता. तरी पत्र्यावरचा तो ओला अंगठा पुन्हा दाबला गेला.