डावी बाही

“अहो!” ताईने आयुष्यात पहिल्यांदाच ही हाक मारली... आणि कोणी वर पाहिलंच नाही! बॉयलरवाला खुर्चीत बसून आपले बूट न्याहाळत राहिला. आपल्याला कुणी ‘अहो’ म्हणेल हे बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

जोडपं खरं आहे का ते बघायला आलेल्या कारखान्याच्या तपासनीस बाईंनी मात्र ते टिपलं. कारखाना दोन खोल्यांचं घर फक्त जोडप्यांनाच देई, आणि ताई तर गणवेश विभागातली बेचाळीस वर्षांची अविवाहित शिवणकामवाली. आईवडिलांमागे धाकट्या भावाला वाढवताना तिने दोन स्थळं हसत परतवली होती. भावाला बाळ झालं, एक खोली पुरेना, तसं तिचं अंथरूण स्वयंपाकाच्या ओट्यापाशी सरकलं. “तुला एकटीला कितीशी जागा लागते, ताई?” भाऊ सहज बोलून गेला. ते तिच्या काळजाला झोंबलं... तरी त्याच्याच संसारासाठी तिने कारखान्यातल्या या बॉयलरवाल्याला नवरा म्हणून उभं करून लग्नाचं सोंग रचलं! घर मिळालं की त्याच्या हवाली करायचं आणि आपण जुन्या खोलीत राहायचं. पकडली गेली असती, तर घरही गेलं असतं आणि नोकरीही.

नव्या घरात तयारी चोख होती. दोन उशा, दोन ब्रश, दांडीवर ‘नवऱ्याचे’ सहा सदरे. पण घोळ तिथेच झाला! हौसेने तिने सहाच्या सहा नवेकोरे शिवले होते, आणि खडूच्या खुणा पुसायला विसरली होती.

“नवऱ्याकडे वापरलेला एकही सदरा नाही?” बाईंनी विचारलं. “लग्न सकाळीच झालं की काय?”

ताई घाईघाईने सदऱ्यावरचा खडू झटकू लागली. तेवढ्यात बॉयलरवाला उठला आणि त्याने अंगातल्या गणवेशाच्या दोन्ही बाह्या पुढे केल्या.

“डावी बाही बघा. अर्धा इंच लांब आहे. माझा डावा हात लांब आहे, हे मी हिला कधी सांगितलं नाही. नऊ वर्षं ही न सांगता तशीच शिवते. दर वर्षी काहीतरी बोलावंसं वाटतं... आणि राहून जातं.”

हे ठरलेल्या संवादांत नव्हतं. ताईचे डोळे भरून आले.

बाई दोन तास उशिरा आल्या होत्या, त्यामुळे ठरल्या वेळी बिऱ्हाडाची ट्रंक घेऊन आलेला भाऊ दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“हे कोण?” बाईंनी विचारलं.

भावाने ताईकडे पाहिलं. असा चेहरा त्याने तिचा कधी पाहिलाच नव्हता.

“मी यांचा मेहुणा. ताईचं सामान राहिलं होतं, ते आणलंय.”

ट्रंकेतून बाळाचं टोपडं डोकावत होतं. “अरे वा, तयारी आतापासूनच!” म्हणत बाईंनी सही ठोकली आणि त्या निघून गेल्या.

“ताई, मला माफ कर गं...” भाऊ हमसून रडू लागला. “तुला काय हवंय, हे मी कधी विचारलंच नाही. हे घर तुझंच. आमचं आम्ही बघू.”

“वेडाच आहेस. बाळाला दुपारी माझ्याकडे सोडत जा,” ताई म्हणाली.

बॉयलरवाला घसा खाकरून म्हणाला, “उद्या अर्धी रजा टाकतो. विवाह नोंदणी कचेरी दहाला उघडते. म्हणजे... तुमची हरकत नसेल तर.”

ताईने सदऱ्यांकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

“अहो...”

“ओ!” तो लगेच म्हणाला.