तिळाएवढा स्क्रू

“अहो, मारू नका त्याला! रुसलाय तो, मेला नाहीये.”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला आता पाच वर्षं होतील. कुठल्याशा दुकानाच्या पायरीवर बसून मी मांडीवरच्या लॅपटॉपला चापट्या मारत होते. एका पुस्तकाची प्रुफं दुपारपर्यंत पाठवायची होती आणि पडदा काळाठिक्कर. वर पाहिलं, तर कानावर पेन्सिलीसारखा स्क्रूड्रायव्हर खोचलेला एक उंच माणूस... आणि त्याच्या डोक्यावर पाटी – ‘लॅपटॉप विक्री व दुरुस्ती’. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

“झाकणाची बिजागरी ढिली झालीय,” आत नेऊन त्यानं सांगितलं. “त्यानं वायर ओढली जाते.”

“बरा होईल ना, डॉक्टर?”

“होईल. उघडताना जरा हळू. आणि अधूनमधून दाखवायला आणत जा.”

मी सहज म्हटलेलं ‘डॉक्टर’ त्याला चिकटलं. मी प्रुफं तपासते हे कळल्यावर त्यानंही माझं बारसं केलं – चूकबाई.

दर तीन महिन्यांनी बिजागरी ढिली व्हायची. दर तीन महिन्यांनी मी केस विंचरून, आरशात दोनदा बघून निघायची. लॅपटॉप आजारी पडला की मला बरं वाटायचं! तो दुसऱ्या स्टुलावरच्या वायरी उचलून जागा करायचा, फुंकर मारून धूळ उडवायचा. फुंकर मारताना त्याचे डोळे मिटायचे... आणि मी तेवढ्यात त्याला पाहून घ्यायची.

“काय चूकबाई, माझ्यात किती चुका सापडल्या?”

“मोजायला बसले तर दुकान बंद करावं लागेल.”

“बसा की. करतो बंद.”

एवढं बोलून तो मान खाली घालायचा आणि स्क्रू पिळायचा. ओठांवर आलेलं काहीतरी दर वेळी त्या तिळाएवढ्या स्क्रूबरोबर गोल गोल फिरून आत जायचं. मी वाट पाहायची. ऋतू गेले, पानं गेली, पानांची प्रुफं गेली... तो शब्द काही बाहेर आला नाही.

मग एकानं मला लग्नाचं विचारलं. भला माणूस. डब्याचं झाकणसुद्धा नीट बसलंय ना, हे दोनदा बघणारा. मी लॅपटॉप काखेत मारून दुकान गाठलं. त्या दिवशी लॅपटॉपला काहीच झालं नव्हतं.

“मला एकानं मागणी घातलीय,” मी म्हटलं. “रविवारी उत्तर द्यायचंय.”

स्क्रूड्रायव्हर थांबला. पंखा फिरत राहिला.

“रविवारी...” तो म्हणाला, “रविवारी दुकान बंद असतं.”

या गोष्टीला वर्ष झालं. काल सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुझं ते खोकं आता पुरे झालं. घराला एक चांगला लॅपटॉप घेऊ या. माझ्या मैत्रिणीनं दुकान सांगितलंय.” पत्ता त्याच्याच दुकानाचा होता. दुसरीकडे जाऊ या, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. मला एकदाच जाणून घ्यायचं होतं – त्याला कधी काही वाटलं होतं, की चार वर्षं मी कोऱ्या पानावरच अक्षरं वाचत होते?

आम्हाला पाहून तो उभा राहिला. कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढून उगाच खिशात ठेवला.

“कशासाठी हवाय?”

“घरी वापरायला,” सासूबाईच बोलल्या. “आम्हाला काही त्यावर बसून चंद्रावर जायचं नाही. हिचं काम, माझ्या लेकाची कागदपत्रं आणि मला माझ्या लेकीची लेक बघायची. दूर शिकायला गेलीय हो पोर. तिचं तोंड नीट दिसलं पाहिजे, बास.”

“मग हलका नको. घरातच राहणार ना? मोठा पडदा घ्या, कॅमेरा चांगला घ्या. ही बटणंही दाबून बघा...” पुढचं वाक्य माझ्याकडे न पाहता आलं. “दिवसभर टाइप करणाऱ्यांची बोटं दुखत नाहीत.”

त्यानं तीन लॅपटॉप मांडले. मी एकाचं झाकण उघडलं, मिटलं.

“याची बिजागरी धातूची आहे,” तो म्हणाला. “पाच वर्षं तरी इकडे यावं लागणार नाही.”

“दुसरा दाखवा,” मी म्हटलं.

सासूबाई पलीकडच्या टेबलावर कॅमेऱ्यात स्वतःला न्याहाळत केस सारखे करू लागल्या. मी पिशवीतून जुना काढला. “यातलं सगळं नव्यात घालून द्या.”

त्यानं तो हातात घेतला, झाकण हलवून पाहिलं आणि सवयीनं बिजागरी उघडली. स्क्रू पिळला. मग खणातून एक छोटी लाल बाटली काढून स्क्रूवर एक थेंब सोडला.

“हे काय?”

“स्क्रू धरून ठेवतं. आता कधी ढिला व्हायचा नाही.”

“नवीन आलंय?”

बाटलीवरचा कागद पिवळा पडला होता.

“नाही... पहिल्यापासून आहे.”

कळायला मला वेळ लागला. चुकलेली वेलांटी मला कोसभर दुरून दिसते. आणि ही चूक चार वर्षं माझ्या नाकासमोर होत होती.

“म्हणजे पहिल्याच दिवशी...?”

“हा थेंब टाकला असता, तर तुम्ही परत आला नसता.”

“मग तोंड कशाला दिलंय देवानं? स्क्रू ढिले सोडून बोलावत होतात मला?”

“वाटायचं, तुम्ही चुका पकडणाऱ्या,” तो हळूच म्हणाला, “एक दिवस हीसुद्धा पकडाल. विचाराल, असं का करता म्हणून. मग... मग मी सांगणार होतो.”

राग असा उसळला की डोळेच भरून आले. त्याला वाटत होतं, मी विचारेन. मला वाटत होतं, तो सांगेल. आणि या वाटण्यात आमचा सगळा वाटाच संपून गेला होता.

“अगं ए, हाच घेऊ!” पलीकडून सासूबाई ओरडल्या. “यात माझ्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतायत!”

धातूच्या बिजागरीचाच होता तो. जुन्यातलं सगळं नव्यात घालून झाल्यावर त्यानं खोकं बांधलं, दोरीची गाठ दोनदा आवळली. सासूबाई रिक्षा थांबवायला पुढे गेल्या. मी पायरीवर थांबले – त्याच पायरीवर.

“डॉक्टर.”

“हं?”

“त्या रविवारी मी आले होते. दुकान बंद असतं हे माहीत असून आले होते. शटर बडवलं... हात लाल होईपर्यंत बडवलं. शेवटी समोरचा चांभार म्हणाला, बाई, मारू नका त्याला. आत कुणी नाहीये.”