मॉर्गन सरांचं राहिलेलं प्रकरण

"माझे वडील जाऊन एकवीस दिवस झाले," चारुलता म्हणाली, "आणि त्यांचं लिखाण अजून चालू आहे."

सुनंदाबाईंच्या जळगावच्या खासगी तपासाच्या कचेरीत येतात ते बहुधा मुलींचे बाप. मुलगा पितो का, पुण्याची नोकरी खरी का, आधी कुठे काही प्रकरण होतं का, एवढीच चौकशी. त्यामुळे बन्सीलालनं ओठाशी नेलेला चहा खाली ठेवला. बन्सीलाल हा निवृत्त एसटी कंडक्टर. बाईंची गाडी चालवायचा, कागद सांभाळायचा, आणि भुताखेतांवर मनापासून विश्वास ठेवायचा.

चारुलता धुळ्यात देवपूरला राहायची, शाळेत शिकवायची. वडील प्रेमराज पाटील, इतिहासाचे प्राध्यापक. तीस वर्षं ते एकाच माणसाच्या मागे होते: सर मॉर्गन प्रोसर, सतराव्या शतकातला वेल्समधला जमीनदार आणि पार्लमेंटचा सभासद. एकीकडे राजा, दुसरीकडे पार्लमेंट, दोघांच्या तलवारी उपसलेल्या, आणि हा मधोमध आपली मेंढ्यांची कुरणं सांभाळतोय. मुलगा राजाच्या बाजूला, जावई पार्लमेंटच्या.

"बाबा म्हणायचे, वेल्स काय नि खानदेश काय, दोन गाद्यांच्या मध्ये ज्याची जमीन त्याला झोप नाही. वर्गात इतकं मॉर्गन-मॉर्गन केलं, की अख्खं धुळं त्यांनाच मॉर्गन सर म्हणायला लागलं."

"आणि पुस्तक?"

"शेवटचं प्रकरण राहिलं होतं. दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर एक पान आलं. मग रोज एक. अक्षर बाबांचं. मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. तरी पान यायचं थांबलं नाही. दुपारी घरात पुटपुटणंही ऐकू यायचं. बाबा दार लावून लिहायचे, तेव्हाही असेच मोठ्यानं बोलायचे." तिनं पदरानं घाम पुसला. "तीन दिवसांपासून पान थांबलंय. आणि तेव्हापासून आईनं अन्न सोडलंय."

"आई काय म्हणतात?"

"म्हणते, ते अडकलेत. रोज संध्याकाळी त्यांचं ताट वाढते. मी दार उघडते, पण मला आत जाववत नाही. आई ताट टेबलाशी ठेवते, दिवा लावते. सकाळी ताट जसंच्या तसं परत. उद्या माझा भाऊ नवीन तिला चाळीसगावला नेणार, मनोविकाराच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय त्यानं. चौथी शिकलेली बाई, ताई. पुढचं अक्षरसुद्धा बाबांनीच गिरवून घेतलं. तिचं सगळं जग त्या घरात आहे. तिथून उचललं तर ती जगायची नाही."

सुनंदाबाईंनी पानं मागितली. बन्सीलालनं आधी जुनं एक वाचलं. "'मॉर्गनने राजाला घोडे दिले आणि पार्लमेंटला शब्द दिला. मॉर्गनचा शब्द मॉर्गनच्या घोड्यांइतकाच चपळ होता.'"

"आता नवं."

"'त्या हिवाळ्यात ते कुरणावरून उशिरा परतले. बूट ओले. लेडी ग्वेनने चूल विझू दिली नव्हती. राजा कुणीही असो, घरी येणाऱ्याचे पाय गारच असतात, हे तिला ठाऊक होते.'" बन्सीलालनं पान हातभर लांब धरलं. "अक्का, हे लिहिलं तेव्हा माणूस मेलेला होता."

"म्हणूनच सुधारलाय," बाई म्हणाल्या. त्यांनी पान उलटं केलं. मागे एक फिकट गोल वळ होता, कडेला हळदीचा ठिपका. आठही नव्या पानांवर तसाच.

शेवटच्या पानाची शेवटची ओळ होती: 'थडग्याच्या दगडावर बाकी काही नव्हते. फक्त नाव कोरले होते :'

पुढे कोरा कागद.

* * *

पारोळ्याच्या रस्त्यानं गाडी धुळ्यात शिरली तेव्हा वैशाखाची दुपार टळटळीत होती. पांझरेचा पूल ओलांडला, तर नदीत पाणी कमी आणि ऊनच जास्त. देवपुरातल्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कूलरच्या घरघरीखाली अख्खी वस्ती झोपली होती. बन्सीलालला रात्रीपेक्षा अशा दुपारचं भय जास्त वाटायचं. त्यात काही खोटं नाही, खानदेशातली भुतं उन्हाला घाबरत नाहीत.

चारुलतानं कुलूप काढलं. खोलीत औषधांचा वास होता. खिडकीशी एक आरामखुर्ची, हात घासून गुळगुळीत झालेले, टेबलाकडे पाठ केलेली. टेबलापाशी पाठ नसलेलं एक बुटकं स्टूल, त्यावर पातळ उशी.

"एवढे मोठे सर स्टुलावर बसून लिहायचे?" बन्सीलाल कुजबुजला.

"चांगलं विचारलंत, बन्सीभाऊ," सुनंदाबाई म्हणाल्या. तेवढ्यावर तो खूश झाला आणि उत्तराची वाट पाहायची विसरला.

आधी हेमराज आला. सरांचा विद्यार्थी, आता त्याच कॉलेजात शिकवणारा.

"पुस्तक पूर्ण करायची इच्छा मला होती, लपवत नाही," तो म्हणाला. "सर नको म्हणाले. घाटावर कावळा शिवेना तेव्हा मी मोठ्यानं शब्द दिला, सर, पुस्तक मी छापीन. कावळा हलला नाही. नवीनभाऊ म्हणाले, आईला सांभाळीन. चारूताईही काही बोलल्या. तरी नाही. काकू हट्टानं आल्या होत्या, त्या नुसत्या हात जोडून उभ्या होत्या. आम्ही सगळे गप्प झालो, आणि मग कावळा आला."

बाईंनी ते अर्धं पान त्याच्यापुढे सरकवलं. "इथं पुढे काय येईल?"

"काय म्हणजे? सर मॉर्गन प्रोसर." त्यानं खिशातलं पेन काढलंसुद्धा. "लिहू?"

"नको."

मग नवीन. चाळीसगावला त्याचं शेतीऔषधांचं दुकान होतं, एक दिवस आधीच येऊन बसला होता. "भूतबित काही नाही. कुणीतरी आईशी खेळतंय, नाहीतर आईच भ्रमात आहे. बाबांसारखीच हट्टी. मागच्या मतदानाला बाबांनी सही करायच्या जागी अंगठा लावला, ठाऊक आहे? प्राध्यापकानं! सगळी रांग बघत होती. मी त्यांच्यावर तिथंच ओरडलो." तो थांबला. "ओरडायला नको होतं."

चारुलताची आई कोकिळाबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. वाळलेल्या, पण पाठ ताठ. हातात एक स्टीलचा पेला, वर झाकण, झाकणाला नळीपुरतं भोक. त्या तो कोरड्या फडक्यानं पुन्हापुन्हा पुसत होत्या.

"काकू, मॉर्गन सरांना जेवायला काय आवडायचं?"

"त्यांना? कळण्याची भाकरी."

"आणि तो वेल्सचा जमीनदार, ज्याच्यावर पुस्तक आहे, त्याचं नाव काय हो? माझ्या लक्षात राहत नाही."

"तेच ते. त्यांच्या पुस्तकातले."

"पण नाव?"

कोकिळाबाईंनी पेला फळीवर ठेवला. "चारूला विचारा. तिला येतं."

* * *

दिवेलागणीला सुनंदाबाईंनी सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. कोकिळाबाई ताट घेऊनच आल्या. ताट टेबलावर ठेवलं, समई लावली. प्रेमराज सरांच्या फोटोची काच ज्योतीबरोबर हलल्यासारखी वाटली. बन्सीलाल दाराच्या जवळ सरकला.

सुनंदाबाईंनी ताट हलकेच उचललं. खाली ओला गोल वळ उमटला होता. त्यांनी नवं पान पालथं करून त्याच्याशेजारी ठेवलं. दोन्ही वळ सारखे.

"पान कुलपातून आलं नाही. ताटाखालून आलं."

चारुलतानं आईकडे पाहिलं. "आई? पण अक्षर बाबांचं आहे!"

"हस्ताक्षर कुणाचं ते नंतर. आधी हात बघू. ज्याला झाकणाच्या पेल्यातून नळीनं पाणी प्यावं लागतं, ज्याला मतदानाच्या वहीत सही जमत नाही, तो माणूस रोज असं मोत्यासारखं पान लिहील? सरांचे हात कापायचे. ते त्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून सांगायचे. स्टुलावर बसून लिहायचं दुसरंच कुणी. आणि ज्या बाईला सरांनी आपलंच अक्षर गिरवायला लावलं, तिचं अक्षर दुसऱ्या कुणासारखं येणार? तुम्ही दोघं आयुष्यभर आईच्या हातचं खाल्लंत. एकदाही तिला काही लिहायला सांगितलंत?"

"हेमराज लिहू शकले असते," बन्सीलाल हळूच म्हणाला.

"हेमराजनी ते नाव विचारताक्षणी सांगितलं, पेनही काढलं. लिहिणारे ते असते तर पान तिथं अडलंच नसतं. जुन्या पानात ओळीओळीला मॉर्गन आहे. नव्या आठ पानांत एकदाही नाही. नुसतं 'ते'. ज्या नावानं अख्खं गाव नवऱ्याला हाक मारतं, ते नाव ह्या पिढीतली बायको तोंडानं घेते का? दुपारी मी काकूंना विचारलं, मला नाही सांगितलं. आणि थडग्यावर नावाशिवाय काही कोरता येत नाही. तिथं पान थांबलं, आणि अन्नही."

समईची वात चुरचुरली. कोकिळाबाई खाली बघत होत्या.

"पण आधीच्या पानांत तर तुम्हीच मॉर्गन लिहिलंय, काकू," हेमराज म्हणाला.

"ते त्यांचं बोलणं होतं. मी नुसता हात." मग त्या माहेरच्या बोलीत गेल्या. "आठ वरीस मीच लिखेल शे बठ्ठं पुस्तक. चारूना बाबा म्हनेत, कोनले सांगू नको, पोऱ्यास्ले लाज वाटी. घाटवर कावळा येत नव्हता. मी मनमा म्हनी, तुमनं पुस्तक मी पुरं करसू, कोनले समजाऊ देवाव नई. तवय तो कावळा उना. दुपारले त्या मनमा सांगेत तसं मी म्हनत जाऊ नि लिखत जाऊ. पन तेस्नं नाव कसं लेऊ?"

पुटपुटणं कुणाचं होतं ते चारुलताला तेव्हा कळलं. तिनं आईचा हात धरला. मधल्या बोटावर शाईचा जुना डाग होता, आणि तो तिनं कधीच पाहिला नव्हता. "मी लिहू नाव, आई?"

"नई."

कोकिळाबाई स्टुलावर बसल्या. खिडकीशी रिकामी खुर्ची होती, तिच्याकडे एकदा बघितलं. ओठ हलले. पन्नास वर्षांत फक्त उखाण्यात आणि तेही लग्नाच्या वर्षात नवऱ्याचं नाव घेतलेली ती बाई, यमक नाही, दोन ओळी नाहीत, नुसतं स्पष्ट म्हणाली, "मॉर्गन." आणि तेच लिहिलं.

मग सगळ्या पानांच्या वरचं शीर्षकाचं पान ओढून त्यांनी, कुणी न सांगता, पुस्तकाच्या नावाखाली 'प्रेमराज पाटील' लिहिलं. पेन ठेवणार तोच नवीननं ते हातातून घेतलं आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात पुढे जोडलं, 'आणि कोकिळा'.

"डॉक्टरांना नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला.

कोकिळाबाईंनी त्या दोन नावांवरून बोट फिरवलं. "भूक लागनी रे," त्या म्हणाल्या.

चारुलता स्वयंपाकघराकडे निघाली, तर नवीननं टेबलावरचंच ताट आईपुढे ओढलं. कळण्याची भाकरी गार झाली होती. त्यानं पहिला घास मोडला.

सुनंदाबाई आणि बन्सीलाल बाहेर येऊन ओट्यावर थांबले. थोड्या वेळानं चारुलता आतून ताट घेऊन आली. त्या खोलीतून ते पहिल्यांदाच रिकामं परत आलं होतं.