वाळूतला फुटाणा

रूळ : चौदाशे मीटर

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या तळहातावर एक फुटाणा होता.

"हे तुमचंच का?"

मी अंगणात चुलीपुढे बसून कढईतली वाळू हलवत होते. राणीसावरगावच्या डोंगरावर पाण्याची मोठी टाकी बांधत होते. ट्रक वर चढेना, म्हणून ठेकेदाराने डांबरी रस्त्यापासून आमच्या अंगणाजवळून थेट माथ्यापर्यंत दोन फुटी रूळ टाकले आणि सिमेंट-खडीचे डबे ओढायला एक बुटकं पिवळं इंजिन आणलं. थंडीत रुळांवर दव पडायचं, चढावर चाकं जागीच फिरायची. मग ड्रायव्हर कळ ओढायचा... पेटीतली कोरडी वाळू नळीतून रुळावर सांडायची, अन् चाक पकड घ्यायचं.

ती वाळू भाजून द्यायचं काम माझं. आई जत्रेत फुटाणे विकायची, त्यामुळे कढई घरचीच. आदल्या दिवशी वाळू तापलेलीच होती, म्हणून मी मूठभर हरभरा टाकला होता. एक दाणा मागे राहिला असणार.

"नळीत अडकला होता," तो म्हणाला. "वाळूच आली न्हाई. डबे दहा हात मागं सरकले. ब्रेक लागला म्हणून मी हितं हाय."

मान वर होईना.

तेवढ्यात कुरुम कुरुम ऐकू आलं. त्याने तो फुटाणा खाल्ला होता.

"भाजलाय मात्र झकास."

हा भागवत. वालूरचा. खालचा ओठ दुमडून हसायचा.

रूळ : अजून चौदाशे

त्यानंतर मी वाळू तीनदा चाळू लागले. एकदा मोठ्या चाळणीने, एकदा पिठाच्या, आणि तिसऱ्यांदा — बोटांनी.

तो रोज सकाळी यायचा. धुक्यातून आधी इंजिनाचा आवाज, मग मफलर, मग तो. वाळू घ्यायचा आणि निघायच्या आधी पेटीत हात घालून कितीतरी वेळ चाचपत बसायचा.

अजून भरवसा नाही माझ्यावर... मी धुराकडे तोंड करायचे. डोळ्यांतल्या पाण्याला कारण असलेलं बरं.

रूळ : नऊशे

टाकी झाली. माथ्याकडून रूळ उचलायला लागले. ज्या रुळांवरून इंजिन वर जायचं, तेच रूळ डब्यात घालून खाली आणायचं. डोंगर रोज थोडा थोडा त्याच्यापुरता संपत होता.

बाबांनी पाथरीचं एक स्थळ आणलं. मुलाचं दुकान, घर पक्कं. गुरुवारी होकार कळवायचा होता. मी भागवतला सांगितलं, सहज सांगितल्यासारखं.

तो रुळाकडे बघत राहिला. "पाथरी चांगलं हाय," म्हणाला. "एसटी लय हायेत."

रूळ : दोनशे

आता उरली फक्त अंगणापासून रस्त्यापर्यंतची सपाटी. तरी तो घमेलं घेऊन हजर.

"सपाटीवर वाळू कशाला लागती?"

"दव —"

"अकरा वाजलेत."

तो उकिडवा बसला. बोटं वाळूत, सवयीने.

"तीनदा चाळती मी. न्हाई सापडायचं काई."

"म्हणूनच तर," तो हळूच म्हणाला. "अडीच महिने दाणा शोधायलोय मी. वाटलं, एखाद्या दिवशी मुद्दाम ठेवशील एक. म्हंजे मला... कळलं असतं."

"तुमी" कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

मला सांगायचं होतं — अरे, तीनदा कुणासाठी चाळत होते? वर चढताना तुझी नळी अडकू नये म्हणून रात्रंदिवस... पण ओठ हलेपर्यंत चंद्रभान मुकादमाने शिट्टी मारली आणि तो उठला. त्याच गुरुवारी इंजिनाबरोबर तोही दुसऱ्या कामावर जाणार होता. दूर. डोंगर मोठे आहेत म्हणे तिकडे.

रूळ : शून्य

गुरुवार. साखळदंडांनी बांधलेलं इंजिन ट्रकवर. भागवत पुढे कागदांवर सह्या करत होता. मी पोतं घेऊन चढले, पेटी काठोकाठ भरली.

ट्रकवरच्या इंजिनाला वाळू कशाला, असं चंद्रभान विचारणार होता. पण वास आला त्याला. त्याने गुपचूप हात पुढे केला. मी त्यावर मूठभर फुटाणे ठेवले.

ट्रक सुटला. मी अंगणात येऊन उभी राहिले. मागे, इंजिनाशेजारी, तो बसला होता. रस्त्यावरच्या पुलापाशी त्याने पेटीचं झाकण उचललं... सवयीने.

ट्रक थांबला.

रूळ नव्हतेच. सपाटीवर उगाच सांडलेल्या वाळूची पांढुरकी रेघ तेवढी होती. तिच्यावरून तो चालत येत होता, दोन्ही खिसे फुगलेले, तोंड चालू.

"कोण गं ते?" बाबांनी लांबवर डोळे बारीक करून विचारलं. पाथरीला लावायला फोन त्यांच्या हातात होता.

"वालूरचे हायेत," मी म्हणाले. "बाबा... फोन ठेवा जरा."