चार नंबरच्या बेडचा चार्ज

नोकरी पगारावर जोखायची नसते, रस्त्यावर जोखायची असते, असं शितलची सासू अनुसयाबाई म्हणायची. खोटं काय आहे त्यात? म्हणून मुलाखतीच्या दिवशी शितलनं घड्याळ बघूनच घर सोडलं. तांड्यावरून फाट्यापर्यंत पायी, फाट्यावरून आखाडा बाळापूरला ऑटो, तिथून कुरुंद्याकडं जाणारी काळी-पिवळी जीप. ती जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय, तर ड्रायव्हरच्या मांडीवर बसायचं तेवढं बाकी राहतं. दवाखान्याच्या दारात पोचायला दोन तास दहा मिनिटं लागली.

नर्सिंग शिकून तीन वर्षं झाली होती. लग्न झालं, बाळंतपण झालं, आणि सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाला गेलं. ही जागा तिला कळमनुरीच्या रुक्सारनं सांगितली होती. दोघी एका बाकावर शिकलेल्या. "आधी तू बघ. तुला न्हाई जमलं तर मी जाते," असं ती म्हणाली होती. तिचीही पोरगी लहानच.

शितलला नोकरी मनापासून हवी होती. नवरा धनसिंग ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. पण लेकरू आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं. सकाळी झोपलेलं सोडायचं आणि रात्री झोपलेलंच बघायचं, मग आपण आई कसल्या? या विचारानं तिचा जीव खालीवर होत होता.

हेड सिस्टर लक्ष्मीबाईंना ती पसंत पडली. "उद्या सकाळपर्यंत सांग," त्या म्हणाल्या. "जागा रिकामी ठिऊन चालत न्हाई."

परतीच्या जीपमध्ये बसली तेव्हा दिवस मावळत होता. हळद शिजवायचे दिवस. दोन्ही अंगाच्या शेतांत चुली धडधडत होत्या आणि ओल्या हळदीची उग्र वाफ रस्त्यावर उतरत होती. भरून निघालेली जीप वाटेत रिकामी होत गेली होती; आता पुढं ड्रायव्हर मोहियोद्दीनचाचा आणि दोन म्हातारे, मागं शितल एकटी. निदान तिला तसं वाटत होतं. मग हळदीच्या वासात मध्येच स्पिरिटचा वास आला, आणि तिनं मान वळवली.

शेजारी एक बाई बसली होती. अंगात पांढरा एप्रन, मांडीवर जेवणाचा डबा. चाळिशीची, पार थकून गेलेली.

"नवीन का गं?" बाईनं हळूच विचारलं.

"अजून हो म्हणले न्हाई, सिस्टर. लय लांब पडून राहिलंय."

"लांब तर हायच…" बाई बाहेर बघत म्हणाली. "माझं बी लेकरू लहान. वाटतं, एक दिवस तरी ते जागं असताना पोचावं. पण बदलीची सिस्टरच येईना. अन् ती आल्याबिगर हलता येतं का?"

नाहीच येत. दवाखान्याची ती रीतच आहे. जाणारी सिस्टर येणारीला एकेक बेड सांगते आणि शेवटी औषधाच्या कपाटाच्या चाव्या तिच्या हातावर ठेवते. चाव्या हातात पडल्या की चार्ज बदलला. तोवर घर जळत असलं तरी उंबरा ओलांडायचा नाही.

"एक नंबर, म्हातारबाबा, सलाईन चालू हाय," बाई एकाएकी सांगायला लागली. "दोन नंबर, टाके उद्या काढायचे. तीन नंबर, ताप उतरला…"

शितल सवयीनं मान हलवत गेली. तीन वर्षांनी कुणीतरी तिच्याशी सिस्टर समजून बोलत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचंच अप्रूप वाटत होतं.

"चार नंबर… आठ महिन्यांचं लेकरू. सारखं रडून राहिलंय… आईला शोधून राहिलंय…"

शितलच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण हात? हात शिकवल्याप्रमाणे कधीच पुढं झाला होता. चाव्या तळव्यावर पडल्या. विहिरीतून काढल्यासारख्या गार होत्या.

"घेतला ना चार्ज?"

"घेतला," शितल बोलून गेली.

बाईचा चेहरा असा काही उजळला की शितलला तिची भीती वाटायच्या आधी कीवच आली. "तुझं भलं होईल गं बाई… आज जागं असंल माझं लेकरू…" पुलापाशी जीप हळू झाली, आणि ती उतरून हळदीच्या शेतातून धावत सुटली. एकदाही वळून पाहिलं नाही.

"चाचा, त्या सिस्टर कुठं गेल्या? इथं तर एक बी घर न्हाई…"

मोहियोद्दीननं आरशात बघितलं. "बेटी, मागं तू एकलीच हायेस," तो सावकाश म्हणाला. "या पुलावर मी रोज गाडी हळू करतो. चांगुणा सिस्टर व्हती. चार साल झाले. ड्युटी उशिरा सुटली, घाईनं निघाली… जाऊ दे. तू घर गाठ."

घरी लेकरू जागं होतं. शितलनं त्याला छातीशी घट्ट धरलं आणि तिथंच ठरवलं, नोकरी नको. चाव्या तिनं पिठाच्या डब्यामागं टाकल्या.

सकाळी तिनं दवाखान्यात फोन लावला. तिचं बोलणं पुरं होऊ न देता लक्ष्मीबाई म्हणाल्या, "न्हाई काय म्हणतेस? काल तूच तर चार्ज घेतलास. रजिस्टरला तुझी सही हाय. रात्रभर वॉर्डात होतीस, चार नंबरचं लेकरू तुझ्याच खांद्यावर झोपलं म्हणतात. अन् जाताना चाव्या घेऊन गेलीस व्हय? कपाट बंद पडलंय. आणून दे, न्हाई तर कुणाच्या तरी हाती पाठव."

फोन ठेवते न ठेवते तोच रुक्सारचा आला. "काय झालं गं? तू जात नसशील तर मी जाऊ? रस्ता कसा हाय?"

तिच्या मागं तिची पोरगी खिदळत होती. शितलनं डब्यामागून चाव्या काढल्या. रात्रभर चुलीजवळ होत्या, तरी गारच. एक हो म्हटलं की चाव्या रुक्सारच्या हातावर, आणि आपली सुटका. काल ती बाई 'नवीन का गं?' म्हणाली तेव्हाचा तिचा आशेनं भरलेला आवाज शितलला आठवला, आणि डोळे भरून आले.

"नको गं, रुक्सार. जागा भरली."

"या अल्ला! कुणी घेतली?"

"मीच."

एरवी जिथं ऑटोच येतात, त्या फाट्याकडून जीपचा हॉर्न आला. शितल अजून जागची उठलीही नव्हती. तरी सासूच्या कडेवरच्या लेकरानं तिच्याकडं बघितलं, इवलासा हात वर केला आणि टाटा केलं.

टाटा करायला त्याला अजून कुणी शिकवलं नव्हतं.