पंक्तिप्रपंच

काचेच्या नळीतल्या कृत्रिम आतड्याने साबुदाण्याएवढा मणी स्वीकारला आणि थोड्याच वेळात पडद्यावर नोंद उमटली: चमचाभर तूप आले. तूप आलेले नव्हते. मण्यात समुद्रशेवाळाचे वेष्टन होते, आत काही निरुपद्रवी रेणू होते आणि ऊर्जा जवळजवळ शून्य होती.

"म्हणजे हे आतडं खोटं बोलतंय," वैजयंता इंगवले म्हणाल्या. कोल्हापुरातली त्यांची खानावळ तिसऱ्या पिढीत होती आणि जेवणारे सगळे त्यांना आक्का म्हणत.

"आतडं खरंच बोलतंय. त्याला फसवणारा मणी आहे," डॉ. ऋजुता मणेरीकरांनी दुरुस्ती केली. आहारविज्ञान संस्थेत त्या चेतातंतूंवर संशोधन करत. चुकीचे विधान चहाच्या टेबलावरही त्यांना सहन होत नसे.

आक्का प्रयोगशाळेत आल्या होत्या त्या नाइलाजाने. शहराच्या नव्या आहारनियमानुसार, ज्या खानावळीत निम्म्याहून अधिक ताटे तेलातुपाने जड ठरतील तिचा परवाना रद्द होणार होता. आक्कांनी 'हलके ताट' सुरू केले होते: वरचा तेलाचा कट काढलेला तांबडा रस्सा, मोजके मटण, मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी. जेवणारे ते बघून आजारी कोण आहे असे विचारत. एका पैलवानाने रश्श्याच्या वाटीत बघून मिशी नीट केली होती आणि आरसा चांगला आहे असे सांगून जड ताट मागवले होते.

ऋजुतांनी त्यांना मूळ कल्पना समजावली. चव जिभेला कळते, पण ती पुन्हा हवी की नको हे जीभ ठरवत नाही. जेवणानंतर काही वेळाने स्निग्धांश लहान आतड्यात पोचतो. तिथल्या पेशी मेंदूला साक्ष देतात की या अन्नात दम होता. मग मेंदू त्याआधी आलेली चव शोधतो आणि तिच्यावर पसंतीचा शिक्का मारतो. हा साक्षमणी तीच साक्ष तेलावाचून देतो. हलक्या रश्श्याच्या वाटीत एक मणी टाकला, तर काही आठवड्यांत त्याच रश्श्याची ओढ लागावी.

"तुमच्या रश्श्याची चटक लागते ती कटाच्या चवीमुळे नाही, आक्का. त्या चवीमागून आतड्यात उतरणाऱ्या तेलामुळे," ऋजुता म्हणाल्या.

"आमच्या सासूबाईंनी हे ऐकलं असतं तर तुम्हाला भरल्या ताटावरून उठवलं असतं." आक्का म्हणाल्या, "आणि मणी बंद केला तर?"

"मेंदू प्रत्येक जेवणानंतर साक्षीची वाट बघेल. ती येत नाही हे कळलं की ओढ ओसरेल. साधारण महिन्याभरात."

म्हणून सगळी भिस्त कायमच्या परवानगीवर होती. मणी तूर्त केवळ चाचणीपुरते वापरता येणार होते. चाचणी निर्दोष ठरली तरच ते पुढे मिळणार होते, आणि मणी मिळाले तरच खानावळ टिकणार होती.

चाचणीची रचना ऋजुतांचे सहकारी डॉ. तौफीक मुजावर यांनी केली. हलके ताट घेऊन बघायला राजी झालेल्या नेहमीच्या जेवणाऱ्यांचे दोन गट पाडले गेले. निम्म्यांना निळ्या काठाचे ताट, निम्म्यांना पिवळ्या. निळ्या ताटातल्या वाटीत निळ्या डब्यातला मणी पडे, पिवळ्या ताटात पिवळ्या. एका डब्यात खरे साक्षमणी होते, दुसऱ्यात तसेच दिसणारे पोकळ. कोणत्या डब्यात काय हे आक्का, वाढपी वा जेवणारे यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. हे सारे जेवणाऱ्यांना आधी सांगितलेले होते आणि त्यांनी हसत होकार दिला होता.

निकाल आला तेव्हा तौफीकनी आलेख पुन्हा काढून पाहिला. हलक्या ताटाची मागणी झपाट्याने वाढली होती, आणि ती दोन्ही गटांत सारखीच वाढली होती. दोन्ही रेषा एकीवर एक गिरवल्यासारख्या होत्या. ऋजुतांनी प्रथम स्वतःच्या सिद्धांतावर संशय घेतला. ती त्यांची शिस्त होती. मग त्यांनी डब्यांत उरलेले मणी मागवून कृत्रिम आतड्यात एकेक सोडले. दोन्ही डब्यांतले साधारण निम्मे मणी साक्ष देत होते, निम्मे गप्प होते.

दोघेही खानावळीत गेले. आक्का भाजलेल्या तिळांचा वास घेत उभ्या होत्या. कटाची उणीव भरून काढायला त्या रश्श्यात महिनोन्‌महिने काहीबाही बदल करत होत्या.

"आक्का, डब्यांचं काय केलंत?" तौफीकनी विचारले.

"परातीत ओतले. हातानं कालवले आणि परत भरले. नवे डबे आले की दर वेळी." त्यांच्या आवाजात ओशाळेपणाचा लवलेश नव्हता. "निम्म्यांना खरं वाढायचं आणि निम्म्यांना पोकळ, तेही तोंडावर हसून? माझ्या सासऱ्यांनी कलेक्टरला आणि त्याच्या ड्रायव्हरला एकाच पातेल्यातनं वाढलं. माझ्या घरात पंक्तिप्रपंच होत न्हाई, डॉक्टर."

"पण मणी न मिळालेला गट हवाच. तो नसेल तर तुलना कशाशी करायची? हा प्रयोग उरत नाही," ऋजुता म्हणाल्या.

बाहेर आल्यावर तौफीकनी दबक्या आवाजात सुचवले की एकूण वाढीचा आकडा खराच आहे, तेवढाच कळवता येईल. ऋजुतांनी त्याच दुपारी चाचणी रद्द ठरल्याचे, कारणासह, परवानगी समितीला कळवले. मणी थांबवण्याचा आदेश आला. महिन्याभराने निरीक्षक ताटे मोजायला येणार होते आणि तोवर ओढ ओसरणार हे ऋजुतांचेच भाकीत होते. ते सांगायला त्या स्वतः गेल्या.

"तुम्ही खरं लिहिलंत ते बरं केलंत," आक्का म्हणाल्या. "खोट्याच्या जोरावर खानावळीची पाटी टिकलेली मला नको. उतरवायची वेळ आली तर मीच उतरवीन."

पहिल्या आठवड्यात मागणी घटली नाही. ऋजुतांनी वाट पाहिली. दुसऱ्या आठवड्यातही नाही. महिन्याने निरीक्षकांनी मोजले तेव्हा तीनांतली दोन ताटे हलकी होती. त्यांत वाटीचा आरसा करणाऱ्या पैलवानाचेही एक होते.

ऋजुता तीन दिवस स्वतःच्या चुकीचा शोध घेत होत्या. मग त्या तौफीकना घेऊन पुन्हा खानावळीत गेल्या.

"माझं भाकीत चुकलं. सिद्धांत नाही चुकला," त्या आक्कांना म्हणाल्या. "मी असा मेंदू गृहीत धरला होता, ज्याला दर जेवणानंतर साक्ष मिळते. तुमच्या परातीमुळे कुणालाच ती दर वेळी मिळाली नाही. कधी आली, कधी नाही."

"वेळेवर येणारी एसटी चुकली तर माणूस अर्ध्या तासात घरी परततो," तौफीकनी जोड दिली. "केव्हाही येणाऱ्या एसटीसाठी दिवसभर थांब्यावर उभा राहतो."

"तेच," ऋजुता म्हणाल्या. "साक्ष बंद झाली हे या मेंदूंना अजून कळलेलंच नाही. आणि ते वाट बघताहेत तोवर तेल कमी असलेलं जेवण जेवताहेत. मणी असे मिसळून दिले, तर ते थोडेच दिवस द्यावे लागतील. आमच्या रचनेतून हे कधीच दिसलं नसतं."

आक्कांनी पदर खोचला. "म्हणजे हे तुमच्या मण्याचं काम."

"तशी दाट शक्यता आहे."

"का माझ्या रश्श्याचं? सुरुवातीला होता तसा तो आता ऱ्हायलाय का?"

ऋजुता उत्तर द्यायला सरसावल्या आणि थांबल्या. त्यांनी सगळी आकडेवारी मनातल्या मनात पुन्हा तपासली.

"ते सांगता येणार नाही," त्या अखेर म्हणाल्या. "त्यासाठी एका गटाला मण्याविना तुमचा रस्सा वाढायला हवा होता."

"आणि ते तर मी होऊ दिलं न्हाई," आक्का म्हणाल्या. हे सांगताना त्यांची मान किंचित वर झाली. "मग पाटीवर मी रश्श्याचंच नाव लिहिणार."

ऋजुतांनी या विधानावर आक्षेप शोधून पाहिला. उपलब्ध पुराव्यात तसा आक्षेप घ्यायला आधार नव्हता.